कॅज्युअल्टीत मारामारीचे पेशंट येतात तेव्हा: नव्या इंटर्न आणि सीएमओंसाठी (कॅज्युअल्टीचे ड्यूटी डॉक्टर)

पहिल्यांदा कोयत्याचा वार बघितला तेव्हा मी पेशंटकडं बघायचं सोडून त्याच्या मागनं आत घुसलेल्या वीस-पंचवीस माणसांकडं बघत होतो. सिस्टरनं दंडाला धरून वळवलं, "सर, इकडं." तेव्हापासून सांगली-मिरज पट्ट्यात कॅज्युअल्टीच्या नाईट करतोय आणि नवीन बॅच आली की तेच प्रश्न ऐकतोय, सर पोलिस आलेच नाहीत तर हात लावायचा का, सर नातेवाईक एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिकोलीगल केस म्हणून नोंद) नको म्हणतात, सर मला मारलं तर. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आपल्याकडं यात्रा, गणपतीची मिरवणूक, ग्रामपंचायतीचा निकाल, बांधावरची भांडणं, कशावरूनही डोकी फुटतात. २००९ च्या गणपतीत मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली आणि सांगली, इचलकरंजीपर्यंत गेली, त्या दिवसांचं सीनियर लोक अजून सांगतात. तशी रात्र रोज येत नाही, पण येते तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

१. ड्यूटी घेतल्या घेतल्या दहा मिनिटं फिरून या

चहाच्या आधी. कॅज्युअल्टीला दारं किती, कुठलं आतनं कडी लागतं, कुठलं नुसतं ढकललं की उघडतं. ड्रेसिंग रूमला मागनं वाट आहे का. एका हॉस्पिटलात मागचं दार कायम कुलूपबंद, आणि किल्ली दिवसपाळीच्या मामांच्या (वॉर्डबॉयच्या) घरी! हे आम्हाला कळलं ते नको त्या वेळी कळलं.

जवळ आणि चालू पाहिजे ते:

- सक्शन, ऑक्सिजन, अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), घशात नळी घालताना लागणाऱ्या दोन लॅरिंगोस्कोपसकट (एकाचा बल्ब ऐनवेळी जातोच)
- जाड सुया, सलाईन, ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध), टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा), नसेल तर बीपीचा कफ
- भरपूर गॉज आणि पॅड, लागतील वाटतात त्याच्या तिप्पट
- एमएलसी रजिस्टर, पोलिसांना द्यायचे इंटिमेशनचे फॉर्म, कार्बन
- संमतीचे फॉर्म, रेफरची चिठ्ठी
- मोजपट्टी, शरीराची छापील आकृती, मार्कर
- कागदी पाकिटं आणि ब्राऊन पेपर, लाख किंवा सीलची पट्टी, स्टँपपॅड
- लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या चिठ्ठ्या, नसतील तर रंगीत स्केचपेन चालतात
- भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर: चौकी, पोलिस ठाणं, रक्तपेढी, सर्जन, भूलतज्ज्ञ, ११२, १०८

नंबर मोबाईलमध्ये आहेत असं म्हणू नका, त्या गडबडीत तुमचा मोबाईल कुठंतरी ट्रॉलीखाली असतो.

२. गाडी आली की आधी हात लावा, कागद नंतर

इथं काही लोकांचा अजून गोंधळ आहे. "पोलिस केस आहे, सिव्हिलला न्या" हे वाक्य तोंडातनं काढायचं नाही, तुम्ही प्रायव्हेटला असलात तरी. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये हे कायमचं मिटवलंय. एका स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं, जवळच्या हॉस्पिटलनं मेडिकोलीगल केस घेत नाही म्हणून वीस किलोमीटरवर पाठवलं आणि तो वाटेतच गेला. कोर्ट म्हणालं सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं पहिलं, कुठलीही कायदेशीर औपचारिकता मध्ये आणायची नाही. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियमही तेच सांगतात, एरवी कुणाला तपासायचं ते डॉक्टर ठरवू शकतो पण इमर्जन्सीत बोलावलं की जायचंच.

पेशंट बेशुद्ध आणि सोबत कुणी नाही तर संमतीसाठी थांबू नका. जीव वाचवायला चांगल्या हेतूनं केलेल्या उपचाराला कायद्याचं संरक्षण आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०. फक्त केसपेपरवर वेळ टाकून लिहा की संमती द्यायला कुणी नव्हतं आणि थांबलं असतं तर धोका होता, आणि दुसऱ्या डॉक्टरची सही घ्या.

उपचाराचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला येतं. रक्त वाहतंय तिथं हातानं दाबा, गॉजवर गॉज चढवत बसू नका. सुरा, गज, काही आत रुतलेलं असेल तर कॅज्युअल्टीत काढायचं नाही, हलणार नाही असं बांधा आणि थिएटरला पाठवा. ट्रानेक्झामिक एक ग्रॅम दहा मिनिटांत, मार लागल्यापासून तीन तासांच्या आत, त्यानंतर देऊ नका. जतकडनं गाडी आली की वाटेतच दीड-दोन तास गेलेले असतात, म्हणून मार कधी लागला हे ड्रायव्हरला पहिल्यांदा विचारा.

आणि एक सापळा, ज्यात दरवर्षी कुणीतरी पडतं. "दारू प्यायलाय सर, झोपू द्या." डोक्याला मार लागलेला दारुडा हा सीटी होईपर्यंत डोक्याच्या मारचा पेशंट, दारूचा नाही. वास येतोय म्हणून त्याला कोपऱ्यात टाकू नका.

पेशंटची कंबर आणि पायजम्याचे खिसे बघून घ्या बरं का, मामांना सोबत घेऊन. ज्याला वार झालाय त्याच्याकडंही सुरा असू शकतो. मिळाला तर पंचाईत करू नका, ग्लोव्ह घालून उचला, ट्रेमध्ये ठेवा, चौकीवाल्याला सही घेऊन द्या.

३. एकदम सात-आठ आले तर वर्गवारी, ओळख नाही

एकानंच करायची, जो सगळ्यात अनुभवी असेल त्यानं, आणि त्यानं टाके घालायला बसायचं नाही. चालता येतंय, हिरवा (थांबू शकतो), बाजूच्या हॉलमध्ये. चालता येत नाही तर श्वास बघा, श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तर काळा (वाचायची आशा नाही). श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा मनगटाला नाडी नाही, किंवा साधं "हात दाबा" कळत नाही, लाल (सगळ्यात आधी). उरलेले पिवळे. दर थोड्या वेळानं परत फिरा, पिवळ्याचा लाल होतो.

जो जास्त ओरडतो तो सहसा हिरवा असतो, आणि त्याच्यासोबत सगळ्यात जास्त माणसं असतात. गप्प पडलेल्याकडं आधी जा.

काळी चिठ्ठी लावणं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. एरवी आपण त्याच पेशंटवर पाऊण तास सीपीआर केला असता. पण दोन डॉक्टर आणि नऊ जखमी असताना तो पाऊण तास दुसऱ्या कुणाचा तरी असतो. निर्णय घेतला की वेळ लिहा, चादर टाका, शक्य असेल तर एका मावशींना जवळ उभं करा. एकटं टाकू नका एवढंच.

४. दोन्ही गट एकाच कॅज्युअल्टीत

हे आपल्याकडं नेहमीचं, कारण मारामारी एका गावात होते आणि त्या भागाला मोठं हॉस्पिटल एकच. माझी चूक सांगतो. यात्रेतल्या भांडणाचे दोघं आले, मी सवयीनं शेजारशेजारच्या बेडवर घेतले, मध्ये नुसता हिरवा पडदा. दहा मिनिटांत सलाईनचा स्टँड हत्यार झाला. तेव्हापासून एक गट कॅज्युअल्टीत तर दुसरा ड्रेसिंग रूमला किंवा प्लास्टर रूमला, नातेवाईक वेगवेगळ्या दारांना, एक्स-रेला दोघांना एकाच वेळी न्यायचं नाही.

कुणी सुरुवात केली हे विचारू नका. कानावर पडलं तरी चेहऱ्यावर येऊ देऊ नका. नर्सिंग स्टाफमध्ये, मामांमध्ये कुणी त्याच गावचं, त्याच समाजाचं असतं, त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, "तू इथं थांबतोस का, की वॉर्डात जातोस?" यात कमीपणा काही नाही.

आणि ज्यानं मारलं त्यालाही तीच भूल, तेच टाके, तोच नंबर. २००८ च्या मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबला त्याच रात्री नायर हॉस्पिटलला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या जखमांवर उपचार केले. तिथं जमलं तर आपल्याला बांधावरच्या भांडणात जमायला हरकत नाही. एका सर्जननं भूल न देता टाके घालताना मी बघितलंय, "कळू दे जरा" म्हणत. मी तेव्हा ज्युनियर होतो, गप्प बसलो. तुम्ही बसू नका, निदान लोकलचं इंजेक्शन भरून हातात द्या.

५. एमएलसी आणि पोलिस

एमएलसी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतो. नातेवाईक नाही, सरपंच नाही, फोनवरचे साहेब तर नाहीच. "जिन्यावरनं पडला" असं सांगतील, आणि पाठीवर काठीचे समांतर दोन वळ दिसत असतील. तुम्ही भांडू नका, "बरं" म्हणा आणि करा. उशिरा आलाय, दोन दिवस झालेत, दुसरीकडनं मलमपट्टी करून आलाय, तरी करा.

इंटिमेशन लेखी द्या आणि कॉपीवर घेणाऱ्याची सही, बक्कल नंबर, वेळ घ्या. "फोन केला होता" याला कोर्टात किंमत शून्य. हद्दीचा वाद तुमच्या गळ्यात घेऊ नका, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी पोलिसांनी खबर घ्यायची असं आता कायद्यातच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३.

लिहिताना घटना पेशंटच्या तोंडून लिहा, "पेशंटच्या सांगण्यानुसार". जखम सेंटीमीटरमध्ये, हाडाच्या खुणेपासून अंतर, कडा कशा, दिशा कुठली. गोळीची असेल तर आत जाण्याची, बाहेर येण्याची असलं खात्री नसताना लिहू नका, फक्त दिसतं ते वर्णन करा. "गंभीर" की "साधी" हे एक्स-रे, सीटी यायच्या आधी लिहायचं नाही, "मत राखून ठेवलं" लिहायला लाजू नका. आणि लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, गंभीर दुखापतीत पूर्वी वीस दिवसांच्या तीव्र वेदनेचा निकष होता तो आता पंधरा दिवस झालाय, भारतीय न्याय संहितेचं कलम ११६. जुने सीनियर अजून वीसच सांगतात.

नंतर तपासी अंमलदार कोयता घेऊन येतो आणि विचारतो याच हत्याराने झाली का. उत्तर एवढंच, "अशा हत्याराने होऊ शकते."

अटकेतल्या माणसाला तपासणीला आणलं तर बेडी बघून हात आखडता घेऊ नका. कपडे काढून पूर्ण तपासा, प्रत्येक जखम आणि ती साधारण कधीची ते लिहा, आणि रिपोर्टची प्रत त्याला किंवा तो सांगेल त्याला द्यायची असते. बाई असेल तर लेडी डॉक्टर किंवा त्यांच्या देखरेखीखाली. हवालदार दारात उभा राहून "लिहा फिट, लवकर आहे" म्हणेल, त्याचीही पाळी संपत आलेली असते हे मला कळतं, पण पाठीवरचे वळ लिहायचे राहिले तर मारण्यात तुमचाही हात लागला असं समजा.

दंगलीत अत्याचार झालेली बाई आली तर आधी तक्रार आणा असं अजिबात म्हणायचं नाही, उपचार लगेच आणि फुकट, सरकारी असो वा खाजगी, नाकारलं तर तो गुन्हाच आहे. तपासणी तिच्या संमतीनं. बाकी तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

६. कपडे

हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं कात्रीचं काम. पोटात वार झालेला मुलगा, पांढरा शर्ट, मी घाईत कात्री घातली ती बरोबर सुऱ्याच्या भोकातनंच नेली वरपर्यंत. मुलगा वाचला. तीन वर्षांनी कोर्टात बचावाच्या वकिलांनी तो शर्ट उलगडून माझ्यासमोर धरला आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, यातलं सुऱ्याचं भोक कुठलं आणि तुमच्या कात्रीचं कुठलं?" मला सांगता आलं नाही.

तर शिवणीवरनं कापा, भोकापासून लांब. झटकू नका. ओलं रक्त सावलीत वाळू द्या आणि मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं की बुरशी येते. सील, नाव, एमएलसी नंबर, कुणी दिलं, कुणी घेतलं, किती वाजता. गोळी काढली तर दातेरी चिमट्यानं धरू नका, बाजूवरचे ओरखडेच पुरावा असतात, चिमट्याला रबर लावा आणि खूण करायची तर बुडावर. हे सगळं जीव वाचवून वेळ मिळाला तर. आधी शर्ट आणि मग पोट असं कुणी करू नका म्हणजे झालं.

७. पेशंट बोलतोय आणि वाचेल असं वाटत नाही

पोलिसांना कळवा, ते मृत्यूपूर्व जबाबासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना बोलावतात, बहुतेक वेळा नायब तहसीलदार येतात. ते येईपर्यंत पेशंट थांबेल असं वाटत नसेल तर तुम्हीच जबाब लिहून घ्या, तसं चालतं. नातेवाईक बाहेर, पोलिसही बाहेर. दोन साक्षीदार, सिस्टर चालतात. सुरुवातीला आणि शेवटी लिहा की पेशंट शुद्धीत आहे, जबाब द्यायच्या स्थितीत आहे, वेळेसकट. सुचवणारे प्रश्न नकोत, "अमक्यानं मारलं का" नाही, "काय झालं" एवढंच.

शब्द त्याचेच. तो म्हणाला "त्यानं मागनं येऊन हाणला" तर तसंच लिहा, त्याचं "पाठीमागून प्रहार केला" करू नका, शाळेतलं शुद्धलेखन इथं उपयोगाचं नाही. मध्येच शुद्ध गेली तर तिथंच थांबा, तसं लिहा, वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. सही जमत नसेल तर अंगठा. हे करताना सलाईन, ऑक्सिजन, रक्त काहीही थांबवायचं नाही.

८. बाहेरची गर्दी

गर्दीशी बोलता येत नाही, एका माणसाशी येतं. सगळ्यात जास्त ज्याचं ऐकतात तो शोधा, वयानं मोठा असतो. "काका, तुम्ही एकटेच आत या, मी दर पंधरा मिनिटांनी तुम्हाला सांगतो, बाकीच्यांना तुम्ही सांगा." आणि खरंच पंधरा मिनिटांनी जा, काही बदललं नसलं तरी. तिथं माती खाल्ली की पुढचं सगळं बिघडतं.

तरुण पोरांना काम द्या. "रक्त लागणार आहे, कोण देतंय?" म्हटलं की निम्मी गर्दी रक्तपेढीकडं जाते. अर्थात प्यायलेले देऊ शकत नाहीत, म्हणजे तुमच्याकडं नेमके तेच उरतात, त्याला इलाज नाही.

मृत्यू सांगताना दारात उभं राहून सांगू नका, बसवून, स्पष्ट शब्दात, "प्रयत्न चालू आहेत" असलं खोटं नको. पण सांगायच्या आधी चौकीला कळवलेलं असू द्या आणि तुमच्या पाठीशी दार असू द्या.

मोबाईलवर शूटिंग करणाऱ्याच्या हातातनं मोबाईल हिसकावू नका, पेशंटच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभे राहा. पत्रकारांना, पुढाऱ्यांना पेशंटचं नाव, समाज, जखम काहीही सांगायचं नाही, "अधीक्षकांना विचारा" हे एकच उत्तर. दंगलीच्या दिवशी तुमच्या तोंडातनं निघालेला मेलेल्यांचा आकडा अर्ध्या तासात सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो, आणि त्यानं आणखी पेशंट येतात.

९. हल्ला आतच आला तर

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. पळालो तर चुकलं का?

माझं मत सांगतो. ज्याला चालता येतं त्या पेशंटला घेऊन तुम्ही निघा, त्यात काही चूक नाही, मेलेला डॉक्टर कुणाच्या कामाचा नाही. प्रश्न फक्त ज्याला हलवता येत नाही त्याचा. तिथं दार लावा, आडवी ट्रॉली किंवा कपाट लावा, दिवे बंद, मोबाईल सायलेंट, सगळे भिंतीला खाली. २६ नोव्हेंबर २००८ ला, त्याच मुंबई हल्ल्यात, कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या सिस्टरनी वीस गरोदर बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या पँट्रीत नेलं, दारं लावून घेतली, आणि त्याच रात्री एकीला कळा सुरू झाल्या तर तिला भिंतीच्या कडेकडेनं लेबर रूमला पोचवलं. त्यांच्याकडं हत्यार नव्हतं, वॉर्डाची माहिती होती. म्हणून ते पहिल्या मुद्द्यातलं दारांचं म्हणतोय.

अँबू बॅगवरच्या पेशंटजवळ कुणी थांबायचं हे हुकूम देऊन ठरवू नका, विचारा. इंटर्न, गरोदर सिस्टर, शिकाऊ पोरी आधी बाहेर. आणि हे ज्या रात्री काही नाही त्या रात्री चहा पिताना बोलून ठेवा.

हल्ला झालाच तर तक्रार तुम्ही एकट्यानं करायची नाही, संस्थेनं करायची. महाराष्ट्रात डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तोडफोडीची भरपाई दुप्पट. कायद्याचं नाव एफआयआरमध्ये लिहिलंय का ते वाचून सही करा, नाहीतर साध्या मारामारीची कलमं लागतात. तुमच्या जखमांचीही एमएलसी करा, डॉक्टर लोक नेमके हेच विसरतात. आणि ज्याच्या भावानं तुम्हाला मारलं तो पेशंट अजून आतच असतो, तुम्हाला हात थरथरल्यामुळं जमत नसेल तर दुसऱ्याकडं द्या, पण कुणाकडं, किती वाजता ते लिहून द्या, वाऱ्यावर सोडू नका.

१०. रेफर, हँडओव्हर आणि समन्स

स्थिर केल्याशिवाय हलवू नका, पुढच्या हॉस्पिटलला फोन करून बेड आहे का विचारा, चिठ्ठीवर दिलेली औषधं आणि टूर्निकेट बांधल्याची वेळ. रजिस्टर ड्यूटी संपायच्या आत पूर्ण करा. खाडाखोड नको, चुकलं तर एक रेघ मारून सही, पांढरी शाई कधीच नाही.

मग दोन-तीन वर्षांनी समन्स येतं, तेव्हा तुम्ही पीजीला कुठंतरी लांब असता. जा. आदल्या दिवशी स्वतःचं रजिस्टर वाचा. जे आठवत नाही ते "आठवत नाही, पण नोंद अशी आहे" म्हणून सांगा, अंदाज करू नका. आणि निघताना कोर्टातनं हजेरीचा दाखला मागून घ्या, नाहीतर ऑफिसवाले तो दिवस रजा धरतात.